तिसाव्या माणसाचा पायचा

प्रयागमावशी माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायची. आधी पायचे, मग गुडघे, मग खिशांच्या कडा, मग कॉलर, आणि एवढी सगळी तपासणी उरकली की मान वर करून, "कोन म्हनायचं तुमी?" मी तिच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या सलवारीच्या पायच्याकडे बघत ती म्हणाली, "तुझी माय तुला अजून वाढत्या अंगाची समजती का काय? केवढी दुमड ठेवलीय आत." मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. आई खरंच तशीच समजते. मी मुकाट्याने पाय खुर्चीखाली घेतले.

दुकान सिकंदराबादला, छावणीच्या मागच्या गल्लीत. पाटी इंग्रजीत आणि तेलुगूत, मराठीचं नाव नाही. मालकीण मात्र अस्सल किनवटकडची. नवरा रेल्वेत गँगमन होता, त्याच्यामागून ती इथे आली. तो गेल्यावर एका म्हाताऱ्या उस्तादाकडे काजं करायला बसली. काजं करता करता कटिंग शिकली, आणि उस्तादाचे डोळे गेल्यावर दुकानच तिच्या हातात आलं. पुढे चाळीस वर्षं तिने जवानांचे गणवेश शिवले. दुकानातल्या बाया तिला 'मास्टर' म्हणत, जवान 'अम्मा' म्हणत. मी विद्यानगरच्या मराठी घरातली आहे हे कळल्यावर तिने हुकूम सोडला की मी मावशी म्हणायचं. तिच्या हुकमापुढे कुणाचं काही चालत नसे.

लष्करी छापाच्या कापडाला ती 'पाचोळा' म्हणायची. हिरवा पाचोळा, वाळूचा पाचोळा, आणि हल्लीचा तो बारीक चौकोनांचा, त्याला चौकडीचा पाचोळा. पाचोळ्याला खिसा लावणं ही तिच्या दुकानाची खरी परीक्षा होती. खिशावरचं पान खालच्या सदऱ्यावरच्या पानाला असं जुळवायचं की खिसा लागल्यावर खिसा दिसताच कामा नये. पहिल्या दिवशी तिने एक सदरा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, "खिसा कुठं हाय सांग." मी हात फिरवला तेव्हा कुठे बोटांना शिवण लागली. डोळ्यांना ती मुळी दिसलीच नव्हती. मी कपड्यांच्याच धंद्यात दहा वर्षं काढलेली बाई, पण असा खिसा कधी पाहिला नव्हता.

तिचा दुसरा नेम कातरणीचा. आपल्या फौजेच्या कापडाची एक चिंधीसुद्धा दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. दर शनिवारी संध्याकाळी मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात ती सगळं कातरण जाळायची आणि राख गार झाली की बोटांनी चाचपून बघायची. माझ्या आईच्या गोधडीसाठी मी एकदा चार तुकडे मागितले. मावशीने कात्री खाली ठेवली.

"उद्या ते कुनाच्या अंगावर निघालं तर? कपडा बघून मानूस सलाम करतो, बाई. आन कपडा बघूनच गोळीबी घालतो."

गोधडीचा विषय मी परत काढला नाही.

मी तिच्याकडे गेले ते कामाच्या निमित्ताने. मी सिनेमाच्या कपडेपटात मदतनीस आहे. पॅलेस्टाईनमधल्या एका नर्सची गोष्ट आमच्या युनिटने घेतली होती. तिच्या गल्लीत एका सशस्त्र गटाची तीस माणसं शिरतात, नर्स त्यांच्यातल्या जखमींना बघते, आणि शेवटी ती सगळी तिथेच मारली जातात, असा प्रसंग होता. तीस माणसांचे मिलिटरी छापाचे कपडे हवे होते. तशा गटांचे फोटो गोळा करणं आणि शिवणारा शोधणं, दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली.

मावशीला ते काम हवंच होतं. फौजेचे गणवेश आता नव्या छापात, तयार शिवलेले येऊ लागले होते. सहा मशिनींपैकी चारांवर खोळा चढल्या होत्या. तरी सहाही बाया रोज सकाळी यायच्या, दोन मशिनींवर पाळीपाळीने बसायच्या आणि जमेल तेवढं शिवायच्या. या गल्लीत सिनेमाचं काम एकदा आलं की येत राहतं, आणि आलं नाही तर दिवाळीनंतर दुकान बंद, हे मावशीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. रडगाणं नव्हतं ते, सरळ सांगणं होतं. "मला काय, मी एकटी जीव. पन ह्या सहाजनी जातील कुठं? ह्यांना पाचोळ्याबगर दुसरं काय येत न्हाई."

मी फोटो टेबलावर पसरले. बहुतेकांची तोंडं झाकलेली. डोळे तेवढे दिसत होते, कुठे तेही नाही. मला वाटलं होतं मावशी रंग बघेल, छाप बघेल आणि कापडाचा हिशोब लावेल. तिने चष्मा पुसला, एकेक फोटो उचलला आणि खालून वर वाचायला सुरुवात केली.

"ह्याचा सदरा त्याचा न्हाई. खांदा बघ, चार बोटं खाली उतरलाय. थोरल्या भावाचा असंल." पुढचा फोटो. "हा डावा हाय. उजव्या खिशाची कड साबूत, डाव्याची मळलेली." आणखी एक. "हे कापड बाजारातलं, शिलाई घरची. टाका बघ, एक लांब, एक आखूड. मशीन जुनी, पट्टा सैल झालेला." मी वाकून बघत होते. मला हिरव्यावर तपकिरी डाग दिसत होते, त्यापलीकडे काही नाही. ती सांगे तेव्हा मात्र ते तिथेच असायचं, आणि मी इतके दिवस ते कसं पाहिलं नाही याची लाज वाटायची.

एका फोटोशी ती थांबली. भिंतीला टेकून बसलेला एक जण, काळ्या फडक्याने तोंड बांधलेलं, मांडीवर बंदूक. मावशीने बोट ठेवलं ते पायच्यावर. हिरव्या प्यांटीला खाली वितीएवढा वाळूच्या रंगाचा पट्टा जोडला होता. आणि त्या पट्ट्याखाली आणखी एक, बोटभर, तिसऱ्याच कापडाचा.

"दोनदा वाढवलीय," ती म्हणाली. "एकदा वाढवली, त्येबी कमी पडली, मंग परत." तिने फोटो पालथा ठेवला. "पोरगं अजून वाढायलंय, बाई."

त्या फोटोची मी मोठी प्रत काढली होती, रंगांचे नमुने जुळवले होते, आणि त्या फडक्यामागे वय असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कोण बरोबर आणि कोण चूक यावर मावशी त्या दिवशी बोलली नाही, पुढेही कधी नाही. सहा बायांपैकी शाहीन फोटोंकडे येत नव्हती. तिच्या घरी रोज त्याच बातम्या चालू असत आणि ती त्यांना कंटाळलेली नव्हती, घाबरलेली होती. ती मशिनीवरूनच म्हणाली, "इनके घर में भी कोई सिलती होंगी ना, मास्टर?" मावशी हो म्हणाली आणि कात्री उचलली.

आणि मग चाळीस वर्षांची सवय आडवी आली.

पहिले तीस कपडे पाहून आमचे कपडेपटाचे प्रमुख, त्यांना सगळे राव सार म्हणतात, कपाळाला हात लावून बसले. शिलाईत खोट काढायला जागा नव्हती, तीच तर पंचाईत. छाप वेगवेगळे होते, मान्य; पण प्रत्येक खिसा जुळलेला, प्रत्येक घडी धारेवर, तिसांचे तीस सदरे एका हाताने एका दमात शिवल्यासारखे. "इदि परेड कादम्मा," ते म्हणाले. परेड नाही ही अम्मा, गल्लीतली माणसं आहेत, वर्षभर हेच कपडे घालून झोपलेली माणसं. जुनं दिसू दे, फाटकं दिसू दे.

मावशीने मान हलवली आणि कपडे परत नेले. तिसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो. कपडे धुवून विटवले होते, खडूने घासले होते, फाडलेही होते. तिसांच्या तीस प्यांटी उजव्या गुडघ्यावर, बरोबर चार बोटं, आडव्या फाटलेल्या. मावशीने नमुना कापून दिला होता आणि सहा बायांनी त्या नमुन्यावर प्रामाणिकपणे तीस गुडघे फाडले होते. राव सार हसले, मग त्यांचं हसू गेलं. दहा दिवसांत जमलं नाही तर काम चेन्नईला जाईल, असं सांगून ते निघून गेले.

मला हसू येत होतं आणि मावशीकडे बघवत नव्हतं. ती स्टुलावर बसून एका भोकात बोट घालून बघत होती. "हात ऐकंना," ती म्हणाली. "वाकडं शिव म्हनलं तर एकसारखं वाकडं शिवतो." एवढ्या मोठ्या कारागीर बाईला वाईट काम करता येत नव्हतं, आणि त्यापायी तिचं दुकान बंद पडणार होतं. मी तिला चहा आणून दिला.

चहा पिताना ती शाहीनला म्हणाली, "तू त्या दिशी काय बोलली? घर में कोई सिलती होंगी?" शाहीन हो म्हणाली. मावशीने कप खाली ठेवला. "मंग आपुनबी घरीच शिवू. नमुना नक्को. ज्येनं त्येनं कपडे घरी न्यायाचे. नवरा, भाऊ, दीर, जो आसंल त्येच्या मापाचं करा. रात्री शिवा, स्वयंपाक करता करता शिवा, दिवा कमी करून शिवा. आन आठ दिवस त्येला घालायला लावा. जिथं फाटंल तिथं फाटंल."

असं तिने नव्याने कापलेले तीस कपडे सहा घरांत वाटले. चौथ्याच दिवशी व्हायचं ते झालं. शाहीनचा भाऊ यूसुफ रिक्षा चालवतो. घरातच घाल म्हणून बजावलेली प्यांट आणि सदरा त्याने तसेच अंगावर ठेवून सकाळी रिक्षा बाहेर काढली, आणि छावणीजवळच्या नाक्यावर पोलिसांनी त्याला उतरवून घेतलं. शाहीन धावत दुकानात आली आणि यूसुफला ठाण्यात नेलंय एवढंच सांगू शकली. मी म्हटलं, राव सारांना फोन करू, वकील बघू. मावशीने चप्पल पायात घातली होती. जाताना तिने फोटोंचं पाकीट काखेत मारलं.

"मावशी, ते नको," मी म्हटलं. "बंदुका आहेत त्यात."

"नमुना दाखवल्याबगर कापड कसं समजंल त्येला?" ती म्हणाली.

ठाण्यातल्या साहेबांनी आधी मी नेलेलं आमच्या युनिटचं पत्र वाचलं, मग पाकीट उघडलं, आणि तोंडं बांधलेल्या माणसांचे साठ फोटो टेबलावर पडल्यावर ते खुर्ची मागे सारून उभे राहिले. यूसुफ कोपऱ्यात बाकावर बसला होता. पत्र कुणीही छापून आणेल, असं साहेब म्हणाले, आणि ते चुकीचं नव्हतं.

मावशी साहेबांच्या बुटांपासून वर बघत होती. कॉलरपाशी पोचल्यावर म्हणाली, "साब, ये शर्ट डावे बाजू से दो दफा खोले. पहले आप दुबले थे. और तीसरा बटन दर्जी का नहीं, घर में लगाया हुआ. जो लगाई, उसका हात खब्बू है. धागा उलटा फिराई."

साहेबांनी खाली आपल्या बटणाकडे पाहिलं. "मेरी बेटी है," ते म्हणाले. "खब्बू है."

"मैं दर्जन हूँ, साब. ये कपडे मेरे हैं. इसमें हमारे फौज का एक धागा नहीं, चाहे तो उसव के देखो. फौज का चिंधी मैं बाहर नक्को जाने देती, जला देती. इस लडके का कसूर नहीं. मैं बोली पहन, वो पहना."

साहेबांनी खरंच प्यांटीचा पायचा उलटा करून पाहिला. मग यूसुफला घरून दुसरे कपडे मागवून दिले, ते बदलायला लावले, आणि हा माल पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नये असं बजावून सोडलं. बाहेर पडल्यावर यूसुफ हसण्याचा प्रयत्न करत होता. मावशीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दुकानाच्या पायरीवर बसल्यावर म्हणाली, "शानी झाले होते मी. दुसऱ्याच्या लेकराला पाचोळा घालून रस्त्यावर सोडला. मी, जी चिंधीबी जाळते." त्या संध्याकाळी मी तिला पहिल्यांदा थकलेलं पाहिलं.

तिने सगळे कपडे घराघरांतून परत मागवले. आता घालायचे ते दुकानात, दार ओढून, आणि घालायचे ते बायांनीच. पुढचे सहा दिवस ते दुकान बघण्यासारखं होतं. साडीखाली, सलवारीवर पाचोळ्याच्या प्यांटी चढवून सहा बाया मशिनी चालवत होत्या, फरशी पुसत होत्या, डाळ निवडत होत्या, उकिडवं बसून भांडी घासत होत्या. मावशी स्वतः वाळूच्या रंगाची प्यांट लुगड्याच्या आत घालून कटिंगच्या टेबलाशी उभी. कपड्यांना तेल लागलं, चहा सांडला, गुडघे ज्याचे त्याचे ज्याच्या त्याच्या जागी झिजले. कुणी उसवलेलं घाईने शिवलं, कुणी वेगळ्या दोऱ्याने. मावशीच्या हाताला जे जमत नव्हतं ते सहा संसारांनी करून दिलं. राव सार आले, त्यांनी एकेक कपडा उजेडात धरला आणि सगळे गाडीत भरायला सांगितले. जाताना त्यांनी मावशीच्या पायांना हात लावला. ती म्हणाली, "बुटाची लेस बांधा आधी, पडाल."

मला मात्र ती आठवते ती शूटिंगच्या दिवशीची.

शहराबाहेरच्या खडकाळ माळावर गल्ली उभी केली होती. मावशी हट्टाने आली होती, कारण अंगावर घालून बघितल्याशिवाय तिने कधी कुणाला कपडा दिला नव्हता. ती रांगेतून चालत होती, कुणाची बाही ओढत, कुणाचा पट्टा सैल करत. तिसाव्या जागी ठरलेला माणूस तापाने आला नव्हता, आयत्या वेळी दुसरा उभा केला होता. उंच, किडकिडीत, नुकतंच कॉलेज सोडलेला. काळ्या फडक्याने तोंड बांधलेलं, आणि प्यांट घोट्याच्या वर वीतभर.

मावशी तिथेच थांबली. मग खडकावर गुडघे टेकून बसली, पिशवीतून वाळूच्या रंगाचा एक पट्टा काढला आणि त्याच्या पायच्याला हाताने जोडायला लागली. दिग्दर्शक लांबून ओरडले की कॅमेरा कमरेच्या खाली येणारच नाही. ते खरंच होतं. सिनेमात तो पायचा कुठेही दिसत नाही, मी दोनदा बघून खात्री केली आहे. मावशीने मान वर केली नाही. तिला घाई नव्हती, आणि टाके सगळे एकसारखे पडत होते.

मी तिच्याजवळ उभी होते. मला भिंतीला टेकलेल्या त्या पोराचा फोटो आठवत होता.

त्या उंच माणसाला अवघडल्यासारखं झालं. फडक्याआडून तो म्हणाला, "रहने दो ना अम्मा. अगले शॉट में तो मरनेवाला हूँ मैं."

"मरना है तो मर," मावशी म्हणाली. "छोटा पायचा पहन के काय कू मरता?" आणि मग, दातांत दोरा धरून, "सीधा खडा रह. अभी बढता तू."

तो सरळ उभा राहिला. तिने पट्टा लावला, खालची दुमड तपासली, आणि पुढे लागेल म्हणून आत आणखी दोन बोटं कापड ठेवलं. तिचा दोरा तुटेपर्यंत सगळं युनिट थांबून होतं.